सुपडूचा अंतरा

सुपडू, परवा जळगावात मी तुला दिलेली शपथ मोडली. भरल्या शोकसभेत उभा राहून मोडली, आणि मोडताना आवाजसुद्धा खाली केला नाही. हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर म्हणाला असतास, बघा, मी डोळे मिटायचा अवकाश, या शिंप्याने तोंड उघडलं.

तुझ्यावर पेपरात आलं आहे. 'खानदेशचे थोर गायक व रचनाकार श्रीधरबुवा यांचे दुःखद निधन.' नाटक कंपनीला चाली दिल्या, मुलींच्या शाळेत गाणं शिकवलं, कितीतरी चिजा स्वतः बांधल्या, सगळं व्यवस्थित लिहिलंय. खाली फोटो आहे. त्या फोटोतला कोट मी शिवलेला आहे, हे मात्र कुणी लिहिलं नाही. डावा खांदा उतरलेला दिसतोय तो माझ्या हातचा दोष नव्हे. माप घेताना तू तान घेत होतास आणि हलत होतास. 'एक घटका गप उभा राहा' म्हटलं तर म्हणालास, 'गप ऱ्हायनू तर खांदा उतरी जाई.' गप राहिला नाहीस तरी उतरलाच.

पेपरवाल्यांना जे माहीत नाही ते मला माहीत आहे, आणि ते इतकी वर्षं पोटात ठेवून माझं पोट दुखत होतं. म्हणून हे लिहितोय. आज दुकान बंद ठेवलंय. तसंही लढाईपायी कापडाला कंट्रोल आहे, गिऱ्हाईक जुने सदरे उलटून शिवायला आणतात. ते उद्या उलटले तरी चालतील.

धुळ्यात काकांचं शिंप्याचं दुकान तुझ्या गुरूंच्या, बुवांच्या घरासमोर होतं आणि मी तिथे काजं करायला बसायचो. तू आलास तेव्हा सोळा वर्षांचा होतास, एरंडोलजवळच्या खेड्यातून चालत आला होतास आणि पायांना कापसाच्या शेतातली काळी माती तशीच होती. बुवांनी नाव विचारलं. तू खाली बघून 'सुपडू' म्हणालास. तुझ्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून जन्मल्यावर तुला सुपात घालून शेजारणीला देऊन परत मागून घेतलं होतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बुवा इंदूरकडून आलेले. ते म्हणाले, 'सूप, चाळणी ही काय नावं? गवयाचं नाव चारचौघांत घेता आलं पाहिजे.' आणि तू श्रीधर झालास. मी एकटा तुला शेवटपर्यंत सुपडू म्हणत राहिलो. तुझ्या आईशिवाय दुसऱ्या कुणाला तू तसं म्हणू दिलं नाहीस, याचा मला अजून गर्व आहे.

सात वर्षं तू बुवांकडे राहिलास. पाणी भरलंस, तंबोरे पुसलेस, बुवांचे पाय चेपलेस. बुवांचा मुलगा विनायक आणि तू एकाच वयाचे, एकाच सतरंजीवर बसून शिकायचात. बुवा दुष्ट नव्हते, हे तू मला शंभर वेळा सांगितलंस. आज एकशे एकाव्या वेळी मी ते मान्य करतो. पण त्यांच्या घराची रीत होती. चिजेचा पहिला भाग, म्हणजे अस्ताई, ती शिष्याला द्यायची. दुसरा भाग अंतरा. तो घरच्या मुलालाच द्यायचा, आणि त्यालाही लगेच नाही. वर्षभर अस्ताई घोटून झाली की मग. बाहेरच्या शिष्याने अस्ताई गावी, आलाप करावेत, ताना घ्याव्यात आणि परत अस्ताईवर येऊन बसावं. लोकांना कळायचं की याला अर्धीच मिळाली आहे. ज्याला अंतरा येतो तो घरचा. इतकं साधं ते होतं.

मी तबला नवा नवा शिकत होतो आणि बुवांच्या शिकवणीला ठेका धरायचो. मला ही भानगड कळेना. तुला विचारलं, तर माझ्यासमोर पडलेला सदरा उचललास आणि म्हणालास, 'याले बाह्या नही लाया तर काय म्हंतीन?' मी म्हटलं, बंडी म्हणतील. 'मंग मी सात वरीस बंडी घाली हिंडस', असं म्हणून हसलास. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

बुवांनी तुला अकरा अस्तायांपर्यंत आणलं. अकरावी रामकली रागातली. पहाट होत आलेली, बाई दारात उभी राहून वाट पाहते आहे, एवढंच तिच्यात होतं. पुढे काय झालं, तो आला का, तिचं काय झालं, हे सगळं अंतऱ्यात, आणि अंतरा बुवांच्या पेटीत. त्या बाईने तुला नादी लावलं. रोज सकाळी पाणी भरून झालं की माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायचास आणि म्हणायचास, 'रामा, ती अजून दारमाच उभी शे.'

आणि एके दिवशी तूच तिला दारातून आत आणलंस.

मला तो दिवस नीट आठवतो, कारण मी मशीनवर बसलो होतो आणि तू म्हणालास, 'मशीन चालू ऱ्हाऊ दे, थांबाडू नको.' मी लग्नाच्या ऑर्डरचे पायजमे शिवत होतो. तू मशीनच्या लयीत गुणगुणत होतास. साधारण अंतरा म्हटला की तो सरळ वरच्या षड्जाकडे झेप घेतो, एवढं मला तेव्हाही कळत होतं. तुझा गेला नाही. तो पंचमाशी घुटमळला, दोन पावलं पुढे गेला, एक मागे आला, गोल फिरला आणि मग कधी वर पोचला ते कळलंच नाही. तुझ्या अंतऱ्यात कुणी येत नव्हतं. उजाडतं, ती बाई दारातून मागे फिरते आणि दळायला बसते. वाट बघणं जात्यावर चालू राहतं. बस्स. माझं मशीन थांबलं होतं. तू ओरडलास, 'थांबाडू नको सांगेल व्हतं ना!'

पुढच्या आठवड्यात तुझी आई धुळ्याला बाजाराला आली होती. ती दुकानात टेकली आणि तू तिला अंतरा ऐकवलास. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, 'हाई ते मनी ओवी शे. बुवासना घर कशी गयी?' तू म्हणालास, 'अजून गयी नही, माय. मी लई जासू.' ती म्हणाली, 'लई जाय. पन त्यासले सांग, दळताना म्हनतस ती.' म्हणजे झालं असं होतं की बुवांनी तुला न दिलेली जागा तू आईकडून भरून आणली होतीस. मी तबल्यावरची बोटं मोजणारा माणूस, मला हे शब्दांत सांगता येत नव्हतं. पण त्या दिवशी मला कळलं की माझा मित्र नुसता गवई होणार नाही. गवई पुष्कळ असतात.

त्यानंतर तू चूक केलीस. मी तेव्हाही तुला चूक म्हटलं आणि परवापर्यंत चूकच म्हणत होतो. दुसऱ्या कुणी शिष्याने स्वतःचा अंतरा केला असता तर परगावी जाऊन गायला असता, बुवांच्या कानाआड. तू तो बुवांच्याच समोर गायलास. त्यांच्याच बैठकीच्या खोलीत, सकाळच्या शिकवणीला, विनायक तंबोऱ्यावर, मी तबल्यावर. तुझं म्हणणं होतं, गुरूपासून लपवून गायली तर ती चोरी. मी म्हटलं, समोर गायलास तर दरोडा. तू ऐकलं नाहीस.

अस्ताई झाली. बुवा डोळे मिटून होते. अंतरा सुरू झाला आणि त्यांनी डोळे उघडले. पंचमाशी तू घुटमळायला लागलास तसे ते तुझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत राहिले, जणू मीच काहीतरी करत होतो. तू वर पोचलास, खाली आलास, समेवर आलास. बुवा उठले, काही बोलले नाहीत, आत गेले आणि दार लावून घेतलं. आपण बसून राहिलो. विनायक तंबोरा छेडतच होता, त्याला थांबायचं सुचेना. दुपारपर्यंत दार उघडलं नाही. तू तुझं बोचकं घेतलंस, बंद दाराला नमस्कार केलास आणि माझ्या दुकानात आलास. मी म्हटलं, काय झालं, बोलले का काही? तू म्हणालास, 'त्यासले आवडनं नही, रामा. बुवा उठी गयात. आते कोनतं तोंड लिसन जाऊ?'

संध्याकाळच्या गाडीने तू जळगावला गेलास. पुढे बुवा आठ-नऊ वर्षं होते. तू त्यांच्या दारात गेला नाहीस आणि त्यांनी बोलावलं नाही. ते गेल्याचं तुला मीच कार्ड टाकून कळवलं होतं. तू उत्तर पाठवलं नाहीस, पण त्या दिवसापासून तंबोऱ्याशेजारी त्यांचा फोटो ठेवलास.

आता जरा अभिमानाचं बोलतो, रडगाणं पुरे. जळगावात तू काय काय केलंस! आधी नाटक कंपनीत पेटी वाजवलीस, मग चाली द्यायला लागलास, मग कंपनी बुडाली आणि मुलींच्या शाळेत लागलास. शाळेतल्या मुलींना प्रार्थना म्हणून तू अशा चाली दिल्यास की रस्त्याने जाणारे थांबायचे. उरलेल्या दहा अस्तायांना अंतरे केलेस. मग म्हणालास, दुसऱ्याच्या घराला माळे किती चढवणार, आणि आख्ख्या चिजा बांधायला लागलास. रागही नवे, तालही कधी कधी असे उलटे की माझी बोटं वळायची. प्रत्येक चीज पक्की व्हायच्या आधी तू धुळ्याला यायचास, चाळीसगावला गाडी बदलून, धूळ खात, आणि माझ्या मशीनसमोर बसायचास. जळगावात तबलजी काय नव्हते? पण तुला मशीन पाहिजे असायचं. ते कधी चुकत नाही आणि वाहवा करत नाही, असं म्हणायचास. मला वाटतं तो टोमणा होता.

चोपड्याच्या त्या बैठकीचं मी कितीदा सांगितलं असेल, माझ्या घरातली मुलं आता कान झाकतात. कापसाच्या जिनाच्या आवारात मांडव होता आणि सकाळी दहाला गाणं सुरू झालं. तू चार तास गायलास आणि त्यात एकही चीज दुसऱ्याची नव्हती. कुणाला सांगितलं नाहीस. पुण्याकडचे एक जाणकार पुढे बसले होते, मोठ्या मिशा, मांडीवर वही. शेवटी ते तुला म्हणाले, 'बुवा, इतक्या जुन्या, इतक्या अस्सल चिजा अलीकडे ऐकायला मिळत नाहीत. कुठून मिळवल्यात?' तू हात जोडून म्हणालास, 'आमच्या एरंडोलकडे जुन्या चिजा पुष्कळ सापडतात.' त्यांनी ते वहीत लिहून घेतलं! मी तबल्याची खोळ बांधायच्या निमित्ताने मांडवाबाहेर पळालो, नाहीतर तिथेच फुटलो असतो. पण हसताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि ते सगळं काही हसण्याचं नव्हतं. नवी चीज बांधावी आणि ऐकणाऱ्याला ती शंभर वर्षांची वाटावी, हे किती लोकांना जमलंय? मला तरी तू एकटाच माहीत आहेस.

मग ती रेकॉर्ड आली. लढाई सुरू झाल्यानंतरची गोष्ट. विनायकबुवा तोवर मोठे झाले होते, मुंबई, इंदूर, सगळीकडे नाव. धुळ्याच्या चौकातल्या हॉटेलात त्यांची प्लेट लागली होती. मी चहा प्यायला गेलो आणि कप हातातच राहिला. रामकली. तीच बाई दारात. आणि अंतरा... अंतरा तुझा. पंचमाशी घुटमळणं, दोन पावलं पुढे, एक मागे, सगळं जसंच्या तसं. मी उठून प्लेटवरचा कागद बघितला. 'पारंपरिक', असं छापलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी त्याच दिवशी विनायकबुवांना कार्ड लिहायला घेतलं. मजकूर बरा व्हावा म्हणून आधी तुला दाखवावं, एवढीच अक्कल मी चालवली आणि ती चुकली. तुला कळवलं, तर तू उलट टपाली लिहिलंस, रविवारी चाळीसगावला ये.

चाळीसगावच्या फलाटावर आपण दोन तास भांडलो. केळ्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया आपल्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, हा अंतरा तुझा आहे, तुझ्या आईचा आहे, माझ्या मशीनवर झालाय, मी साक्षीला आहे. त्या दिवशी तंबोऱ्यावर बसून विनायकने तो ऐकला आणि उचलला. तू सगळं ऐकलंस. मग तो छापील शब्द पुन्हा विचारलास. मी सांगितला. तुझ्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटली. 'पारंपरिक! रामा, मी ते मराना पहिलेच जुना व्हई गऊ!'

मी म्हटलं, तुला लाज वाटत नाही? तू म्हणालास, माझं नाव लावलं तर उद्या मला न मानणारे ती गाणार नाहीत. पारंपरिक म्हटलं की सगळे गातात. त्या बाईला सगळ्यांच्या गळ्यात जाऊ दे. हे तुझं पहिलं कारण होतं आणि ते ऐकायला छान होतं. दुसरं कारण तू बराच वेळाने, गाडीचा सिग्नल पडल्यावर सांगितलंस. अंतरा माझा म्हटलं तर लोक विचारतील, मग बुवांनी तुला काय शिकवलं? सात वर्षं पाणी भरून घेऊन अर्धीच चीज दिली का? 'बुवा गयात, रामा. आते त्यासनं नाव खराब नही करानं.' ज्या माणसाने तुझ्या तोंडावर दार लावलं त्याची अब्रू तू राखत होतास, आणि वर माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवलास. 'कोनले सांगानं नही. शपथ ले.' गाडी आली होती. मी घेतली. कार्ड तू तिथेच फाडलंस.

ते भांडण आपलं मिटलं नाही. तू शेवटपर्यंत मला 'शपथवाला' म्हणून चिडवायचास आणि मी तुला 'पारंपरिक' म्हणायचो. पण चिडवण्याखाली तुझं जे दुखत होतं ते मला ठाऊक होतं. नावाचं तुला काही नव्हतंच. तुला फक्त एक जाणून घ्यायचं होतं, बुवांना तो अंतरा कसा वाटला. लोकांनी टाळ्या दिल्या, जाणकारांनी वह्या भरल्या, तरी तुझ्या हिशेबी ज्याने सांगायला पाहिजे होतं त्याने दार लावून घेतलं होतं. नवी चीज झाली, मी 'झकास' म्हटलं, की तू बुवांच्या फोटोकडे बघायचास. मला राग यायचा. एकदा मी म्हणालोही, तो फोटो उलटा करून ठेव. तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

शेवटच्या आजारपणात मी आलो तेव्हा ताप उतरत नव्हता. वहिनी उशाशी बसल्या होत्या. तू मला आधी सदऱ्याच्या कॉलरवरून बोललास, मग लयीवरून, शेवटी म्हणालास, 'रामा, बुवा काब्र उठी गया व्हतीन?' वीस वर्षांनी तोच प्रश्न, बुवा का उठून गेले. मी म्हटलं, म्हाताऱ्याला बाहेर जायची घाई झाली असेल. तू हसलास, खोकलास, पाणी प्यायलास. मला दुसरं उत्तर सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. चार दिवसांनी तू गेलास.

तेराव्याला गंधमुक्ती झाल्यावर शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती, सकाळी. मी वहिनींना आणायला घरी गेलो. त्या तयार होऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, विनायकबुवा येणार आहेत, तार आली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'रामभाऊ, शपथ तुम्ही त्यासले दिन्ही व्हती. माले नही.' सुपडू, तुझ्या बायकोला सगळं माहीत होतं. तू तिला सांगितलं नव्हतंस आणि मीही नाही. पण 'शपथवाला' तिने कितीदा ऐकलं होतं, त्या घरात सतत गुणगुणणारा माणूस होता, आणि तिला दळता येत होतं. तिला ओवी ओळखायला किती वेळ लागणार?

सभेत हेडमास्तरीण बोलल्या, वकील बोलले. मग विनायकबुवा उठले. केस पिकलेत, बुवांसारखेच दिसायला लागलेत. म्हणाले, मला बोलता येत नाही, मी माझ्या गुरुबंधूसाठी गातो, आणि रामकली लावली. पेटीवर तुझाच एक विद्यार्थी आणि तबल्यावर, कुणी म्हटलं म्हणून, मी. विचार कर. तीच अस्ताई. माझे हात आपोआप चालत होते. ते अंतऱ्याकडे निघाले तसं मला पुढचं काही दिसेना. मी ठेका थांबवला. भर गाण्यात तबलजीने ठेका थांबवला, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'विनायकबुवा, माफ करा. पुढे जायच्या आधी लोकांना सांगा, हा अंतरा कुणाचा. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो. हा आमच्या सुपडूचा आहे.'

सुपडू कोण, हेच अर्ध्या लोकांना कळलं नाही. वकील मला खाली बसवायला उठले. विनायकबुवांनी हाताने त्यांना थांबवलं.

'बसू नका, रामभाऊ,' ते म्हणाले. 'अंतरा श्रीधरचा आहे. मला माहीत आहे. मी तंबोऱ्यावर होतो.'

मी म्हटलं, 'मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का?' शिंपी आहे, मला दुसरा शब्द सुचला नाही.

मग ते बोलले. बोलता येत नाही म्हणणारा माणूस तंबोरा मांडीवर तसाच ठेवून बोलत राहिला. त्या दिवशी बुवा दार लावून आत बसले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी विनायकला उठवलं आणि विचारलं, काल श्रीधरने गायला तो अंतरा तुला पाठ झाला का? विनायक घाबरला, म्हणाला, थोडासा. बुवा म्हणाले, थोडासा नको, पुरा कर. मला जेवढा आठवतो तेवढा मी सांगतो. आणि बापलेकांनी मिळून, सुपडू, तुझा अंतरा बसवला. जिथे आठवेना तिथे बुवा म्हणायचे, तो काहीतरी गोल फिरत होता, जात्यासारखं. विनायक म्हणाला, बाबा, श्रीधरला परत बोलावू. बुवा म्हणाले, कुठल्या तोंडाने? मी त्याला सात वर्षं जे दिलं नाही त्याहून चांगलं तो स्वतः घेऊन आला. मी असेपर्यंत हे बाहेर बोलू नकोस.

'बाबा गेल्यावर मी बोलायला हवं होतं,' विनायकबुवा म्हणाले. 'दोनदा जळगावच्या स्टेशनापर्यंत आलो आणि परत गेलो. मग रेकॉर्ड निघाली. मग तर धीरच होईना. दोष माझा आहे.'

मला त्यांचा राग आला, बुवांचा आला, सगळ्यांत जास्त तुझा आला. बुवा होते ती आठ-नऊ वर्षं धुळे आणि जळगाव यांच्यामध्ये तुम्ही दोघं एकमेकांना तोंड दाखवायला लाजत बसलात! एकाने दार ठोठावलं असतं, दुसऱ्याने आतून उघडलं असतं, एवढंच काम होतं. हे तुला ऐकायला मिळायला हवं होतं. मला नको होतं, मी काय करू याचं? पंधरा दिवस, सुपडू. फक्त पंधरा दिवस उशीर झाला. मी तिथेच रडलो. भर सभेत, तबल्यावर हात टेकून, लहान पोरासारखा. वहिनी मात्र रडल्या नाहीत. त्या ताठ बसल्या होत्या आणि एक शब्दही सुटू नये म्हणून शेजारच्या बाईला म्हणत होत्या, 'आयका. बठ्ठा आयका.'

विनायकबुवा पुन्हा गायले. गाण्याआधी मोठ्याने म्हणाले, 'अस्ताई आमच्या घराण्याची. अंतरा श्रीधरबुवांचा.' मी ठेका धरला. वीस वर्षांत मी ती चीज इतकी चांगली वाजवली नव्हती, हे तुला सांगायला मला काही संकोच नाही.

सभा संपल्यावर आम्ही दोघं तिथेच बसलो होतो. तुझे बाकीचे दहा अंतरे त्यांना हवे आहेत. मी म्हटलं, देतो, मला सगळे पाठ आहेत. पण धुळ्याला दुकानात येऊन, मशीनसमोर बसून शिकावं लागेल. ते हो म्हणाले. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, 'विनायकबुवा, आता एक उपकार करा. बुवांचा मूळ अंतरा कसा होता तेवढा गाऊन दाखवा. आमच्या सुपडूने सात वर्षं त्याची वाट बघितली. निदान मी तरी ऐकतो.'

त्यांनी तंबोरा खोळीत घातला.

'मला येत नाही,' ते म्हणाले. 'माझी तेव्हा अस्ताईच चालू होती. त्या पहाटेनंतर बाबांनी तो मला दिलाच नाही. म्हणाले, याच्यानंतर माझा नको.'

सुपडू, तू ज्याच्यासाठी सात वर्षं पाणी भरलंस, तो अंतरा आता जगात कुणालाच येत नाही. तुझा येतो.